एका बेटाची विमाने : एअर नाऊरू कशी उभी राहिली आणि का बुडाली

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, नाऊरू नावाचा एक देश आहे. त्याचे क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दोन-चार गावांच्या शिवाराएवढे आहे. किनाऱ्यालगत बेटाला वळसा घालणारा रस्ता वीस किलोमीटरही भरत नाही. सर्वांत जवळचे बेट, बनाबा, सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहर तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. मोठे जहाज धक्क्याला लागेल असे खोल बंदरही या बेटाला निसर्गाने दिलेले नाही. अशा देशाने १९७० साली स्वतःची विमान कंपनी सुरू केली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिच्याकडे इतकी जेट विमाने जमली, की ती सगळी एकाच वेळी उडाली असती तर देशातील दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस आकाशात असता. डिसेंबर २००५ मध्ये मात्र तिचे उरलेले एकमेव विमान धनकोने ताब्यात घेतले आणि देशाचे हवाई दार बंद झाले.

या कंपनीचे नाव एअर नाऊरू. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक ही कहाणी उधळपट्टीचा नमुना म्हणून सांगतात. उधळपट्टी झाली होती, याविषयी वाद नाही. परंतु तेवढेच सांगून थांबणे मला अन्यायाचे वाटते, कारण फॉस्फेटच्या पैशांतून नाऊरूने जे काही घेतले, त्यांत विमानसेवा ही खरोखर गरजेची गोष्ट होती. गरजेची गोष्ट इतक्या महाग पद्धतीने का चालवली गेली आणि पैसा संपल्यावर सर्वांत आधी जपायला हवी होती तीच का गेली, हे समजून घ्यायचे असेल, तर विमान कंपनीचे अर्थकारण आतून पाहावे लागते.

पैसा कुठून आला, तेथून सुरुवात करू. नाऊरूच्या मधल्या पठारावर अत्यंत उच्च प्रतीचे फॉस्फेट होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील जमिनी फॉस्फरसच्या बाबतीत गरीब असल्यामुळे तेथील शेतीला या खताची सतत गरज असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकाम सुरू झाले. बेट आधी जर्मनीच्या ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड या तीन देशांनी मिळून तेथील फॉस्फेटचा कारभार हाती घेतला आणि ते स्वस्त दराने आपल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. मूळ रहिवाशांच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा हिस्सा येई. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट जिंकले, सक्तीच्या मजुरीतून तेथे धावपट्टी बांधली आणि सुमारे १,२०० नाऊरूवासीयांना दूर ‘चूक’ नावाच्या बेटांवर नेले. त्यांपैकी सुमारे साडेचारशे तेथेच मरण पावले. जे वाचले ते ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले. बावीस वर्षांनी, १९६८ मध्ये, नाऊरू स्वतंत्र झाला तेव्हा स्वातंत्र्यासाठी हीच तारीख मुद्दाम निवडण्यात आली. जपान्यांनी बांधलेल्या त्या धावपट्टीच्या जागीच आजचा विमानतळ उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट यांच्या काळात फॉस्फेटचा व्यवसाय देशाने विकत घेतला. १९७० पासून खाणीचे उत्पन्न थेट नाऊरूकडे येऊ लागले, आणि १९७४च्या सुमारास जगभर फॉस्फेटचे भाव कडाडल्यावर हा छोटासा देश दरडोई उत्पन्नाच्या हिशेबात जगातील सर्वांत श्रीमंत देशांच्या पंक्तीत जाऊन बसला. लोकांना आयकर नव्हता. मेलबर्नमध्ये नाऊरू हाऊस नावाची ५२ मजली इमारत १९७७ मध्ये उभी राहिली. फॉस्फेट एक दिवस संपणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून उत्पन्नाचा काही भाग न्यासात गुंतवायचा आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्या परताव्यावर जगायचे, अशी योजना होती. कागदावर ती शहाणपणाची होती.

विमान कंपनीची सुरुवात याच काळात झाली, आणि तीही अगदी लहान प्रमाणावर. फ्रान्सच्या डासॉ कंपनीचे एक छोटे व्यावसायिक जेट घेऊन ऑस्ट्रेलियाशी सेवा सुरू झाली. मग फोकर कंपनीचे थोडे मोठे जेट आले, आणि १९७५-७६ पासून बोइंग ७३७ व ७२७ या जातीची विमाने येऊ लागली. मेलबर्न, होनियारा, तारावा, माजुरो, ग्वाम, मनिला, हाँगकाँग, जपानमधील कागोशिमा, सामोआची राजधानी आपिया, फिजी, न्यूझीलंड असा पसारा वाढत गेला.

येथे ‘ध्वजवाहक’ विमान कंपनी म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करायला हवे. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक इतर व्यापारासारखी मोकळी नाही. १९४४च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क मान्य केला. त्यामुळे एका देशाच्या विमानाला दुसऱ्या देशात प्रवासी उतरवायचे किंवा चढवायचे असतील, तर दोन सरकारांना आपसांत करार करावा लागतो आणि त्या करारात आपापल्या कंपन्यांची नावे द्यावी लागतात. सरकार ज्या कंपनीचे नाव देते आणि जिच्या शेपटीवर देशाची खूण असते, ती ध्वजवाहक. मोठ्या देशाला अशी कंपनी मानाची वाटते. छोट्या बेटाचे मात्र वेगळे आहे. स्वतःची कंपनी नसेल, तर हवाई हक्कांच्या वाटाघाटीत त्याच्याजवळ देण्याघेण्यासारखे फारसे काही नसते, आणि परक्या कंपनीला मार्ग परवडेनासा झाला की ती तो एका आठवड्यात बंद करू शकते. नव्याने स्वतंत्र झालेल्या, शेकडो मैल पाण्याने वेढलेल्या देशाला ही भीती वाटणे अगदी स्वाभाविक होते.

डीरॉबर्ट यांच्या काळात या हक्कांचा उपयोग करून एक कल्पना आकाराला आली, आणि नकाशा पाहिला तर ती अजिबात वेडगळ नव्हती. प्रशांतातील बेटांचे हवाई मार्ग त्या वेळी जुन्या सत्तांच्या रेषांवरून जात. अमेरिकेच्या अखत्यारीतील मार्शल बेटे होनोलुलू आणि ग्वामकडे पाहत, ब्रिटिशांची गिल्बर्ट बेटे, म्हणजे आजचे किरिबाटी, फिजीकडे पाहत, आणि सॉलोमन बेटांचे तोंड ऑस्ट्रेलियाकडे होते. शेजारच्या बेटावर जायला माणसाला अर्धा महासागर ओलांडून यावे लागे. नाऊरू या सगळ्यांच्या मधोमध आहे. दक्षिणेकडून आलेले प्रवासी येथे उतरवायचे आणि उत्तरेकडे, पूर्वेकडे, आशियाकडे जाणाऱ्या विमानांत बसवायचे, असे एक जंक्शन करायचे. मनमाडला किंवा कुर्डुवाडीला गाड्या बदलाव्यात तसे. ज्या बेटांकडे कोणी फिरकत नव्हते, त्यांना यामुळे पहिल्यांदा एकमेकांशी जोडणारी जेट सेवा मिळाली. हे काम एअर नाऊरूने खरोखर केले, आणि ते तिच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

अडचण प्रवाशांची होती. आपल्या एसटीच्या कारभारात ‘भारमान’ हा शब्द रोजचा आहे: गाडीतल्या एकूण जागांपैकी किती जागा भरल्या, त्याची टक्केवारी. विमान कंपनीचे सारे जगणे या एका आकड्याभोवती फिरते. कारण विमान उडाले की वैमानिकांचा पगार, इंधन, विमानतळाचे शुल्क, विम्याचा हप्ता, विमानाच्या कर्जाचा किंवा भाड्याचा हप्ता, ठरावीक तासांनंतर करावीच लागणारी तपासणी, यांपैकी जवळजवळ काहीही प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून नसते. समजा, एका फेरीचा खर्च शंभर रुपये आहे आणि विमानात शंभर जागा आहेत. सत्तर जागा भरत असतील, तर तिकीट दीड रुपयाच्या आत ठेवून खर्च निघतो. वीसच जागा भरत असतील, तर तेच तिकीट पाच रुपयांना विकावे लागेल, आणि त्या किमतीला वीस प्रवासीही येणार नाहीत. शिवाय रिकामी गेलेली जागा उद्या विकता येत नाही. भाजीवाल्याची जुडी निदान दुसऱ्या दिवशी कमी भावाने जाते, विमानाची जागा दार बंद झाले त्या क्षणी संपते.

एअर नाऊरूच्या जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या जात. याला गैरव्यवस्थापन हे एक कारण होतेच, पण मूळ कारण हे, की माणसेच नव्हती. सात-आठ हजार लोकसंख्येचा देश शंभर-सव्वाशे जागांची पाच-सहा विमाने स्वतःच्या बळावर भरूच शकत नाही. त्याच्या आसपासची बेटेही अशीच विरळ वस्तीची होती, आणि हाँगकाँग किंवा जपानहून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या माणसाला नाऊरूत उतरून विमान बदलण्यापेक्षा थेट जाणारे विमान सोयीचे पडत होते. जंक्शन चालते ते त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी असेल तर. येथे जंक्शनची जागा बरोबर होती, पण प्रवाशांची संख्या त्याला पुरेशी नव्हती.

यात बेटाच्या एकाकीपणाचा आणखी एक खर्च मिळवावा लागतो, जो प्रवाशाला कधी दिसत नाही. मुंबईकडे निघालेल्या विमानाला उतरता आले नाही तर ते अहमदाबादला किंवा गोव्याला जाऊ शकते, आणि त्यासाठी लागणारे जादा इंधन बेताचे असते. नाऊरूवर पाऊस कोसळत असेल, तर पर्यायी धावपट्टी शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणून अशा बेटाकडे जाणाऱ्या विमानाला भरपूर जादा इंधन घेऊनच निघावे लागते. इंधनाचे वजन वाढले की प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो, आणि जादा वजन वाहून नेण्यासाठीही पुन्हा इंधनच जळते. एखादा सुटा भाग बिघडला तर तो हजारो किलोमीटरवरून मागवावा लागतो, आणि तोपर्यंत विमान उभे राहते. हे दोष कुठल्याही मंत्र्याचे किंवा व्यवस्थापकाचे नव्हते. ते भूगोलातच होते.

हा तोटा फॉस्फेटच्या पैशांतून भरला जाई. आता, तोटा भरून सेवा चालवणे यात मुळात काही चूक नाही. दुर्गम वाडीपर्यंत जाणारी एसटी तोट्यातच जाते, आणि तरीही ती गेली पाहिजे असे आपण म्हणतो, कारण तिच्यातून दवाखान्याला आणि शाळेला जाणारी माणसे असतात. परंतु असे म्हणणाऱ्याने कोणती फेरी गरजेची आणि कोणती हौसेची हे वेगळे लिहून ठेवले पाहिजे, आणि गरजेच्या फेरीसाठी किती पैसे द्यायचे ते आधी ठरवले पाहिजे. नाऊरूमध्ये हा हिशेब कधी वेगळा मांडला गेला नाही, आणि माझ्या मते सगळ्या कहाणीतील मुख्य चूक हीच आहे. ब्रिस्बेन-नाऊरू-तारावा हा मार्ग बेटवासीयांच्या जगण्याचा होता. दूरच्या आशियाई शहरांकडे जवळजवळ रिकामी जाणारी जेट विमाने देशाच्या प्रतिष्ठेची होती. दोन्हींचा तोटा एकाच तिजोरीतून, एकाच ओळीत भरला जात होता.

कंपनी दीर्घकाळ सरकारचे एक खाते असल्यासारखीच चालली. सरकारी कामासाठी विमान ऐनवेळी वळवले जाई आणि तिकीट काढलेले प्रवासी खोळंबून राहत, ही तक्रार त्या काळाच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा येते. १९८८ मध्ये वैमानिकांचा संप झाला, त्यातच सुरक्षेविषयी शेजारी देशांच्या नियामकांनी शंका घेतल्या आणि विमाने जमिनीवर आली. छोट्या देशाला स्वतःची नियामक यंत्रणा उभारणे किती जड जाते, हे तेव्हा उघड झाले. विमान उडण्यालायक आहे हे प्रमाणित करणारे अभियंते, परीक्षक आणि निरीक्षक एवढ्याशा लोकसंख्येतून कुठून आणायचे? पुढे कंपनीची विमाने ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीखाली आणि तेथील नियमांनुसार चालू लागली. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे नाऊरूचे विमान कायद्याच्या दृष्टीने ऑस्ट्रेलियाच्या आवाक्यात आले, आणि ही गोष्ट शेवटी महत्त्वाची ठरली.

१९९०च्या दशकात पैशांचा ओघ आटू लागला. सहज काढता येणारे फॉस्फेट संपत आले होते. शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेलेला न्यास चुकीच्या गुंतवणुका, वाईट सल्लागार आणि सरकारच्या रोजच्या खर्चासाठी काढलेली कर्जे यांमुळे झिजत गेला. स्वातंत्र्यापूर्वी खाणीने उद्ध्वस्त केलेल्या जमिनीबद्दल नाऊरूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९८९ मध्ये दावा केला होता. १९९३ मध्ये तडजोड होऊन १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळण्याचे ठरले, परंतु गळती त्याहून मोठी होती. सरकारे अविश्वास ठरावांनी वारंवार पडत होती, त्यामुळे दहा वर्षांचे नियोजन कोणी करावे आणि ते कोणी पाळावे, असा प्रश्न होता. न्यासाच्या मालमत्ता एका मोठ्या कर्जाला तारण दिल्या गेल्या. ते फेडता न आल्याने २००४ मध्ये मेलबर्नची ती ५२ मजली इमारत हातची गेली.

विमाने एकेक करून विकली गेली किंवा परत गेली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीकडे एकच बोइंग ७३७-४०० उरले. एका विमानाची कंपनी ही वरवर पाहता काटकसरीची वाटते, पण प्रत्यक्षात ती फार नाजूक असते. विमानाला ठरावीक काळाने मोठ्या तपासणीसाठी आठवडे-आठवडे उभे ठेवावे लागते. त्या काळात दुसऱ्याचे विमान भाड्याने घ्यावे लागते, आणि गरजू माणसाला मिळणारे भाडे कधीच स्वस्त नसते. एक दिवस बिघाड झाला, की सगळे वेळापत्रक कोलमडते. मग ज्यांना पर्याय आहे ते प्रवासी दुसरीकडे जातात आणि भारमान आणखी घसरते. नियामकाची फी, व्यवस्थापन, प्रशिक्षण, आरक्षण यंत्रणा हा सारा वरखर्च, जो पूर्वी अनेक विमानांवर विभागला जात होता, तो आता एकट्या विमानावर येऊन पडतो.

यात चलनाचा फटकाही होता. नाऊरूमध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो आणि तिकिटांचे बरेचसे उत्पन्न त्याच चलनात येई; परंतु विमानांच्या किमती, भाडेपट्टे, सुटे भाग आणि इंधन यांचे व्यवहार जगभर अमेरिकन डॉलरमध्ये होतात. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर पन्नास अमेरिकन सेंटच्याही खाली गेला होता. म्हणजे एक प्रवासीही कमी न होता खर्चाचा बोजा आपोआप वाढला.

ते शेवटचे विमान अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेच्या पाठबळावर घेतलेले होते. ही तेथील सरकारी बँक आहे. परदेशी ग्राहकाने अमेरिकी विमान घ्यावे म्हणून ती कर्ज देते किंवा कर्जाला हमी देते, आणि विमान हेच तारण असते. विमान हे तारण म्हणून धनकोला फार सोयीचे असते: ते स्वतःहून उडून त्याच्या आवाक्यातील देशात येते, ते जगात कुठेही वापरता येते, आणि त्याच्या नोंदणीवरून त्याची ओळख पटते. जेट एअरवेज बंद पडण्याच्या आधीच्या आठवड्यांत, २०१९च्या सुरुवातीला, भाडे थकल्यामुळे तिची विमाने एकामागून एक उभी करण्यात आली होती, ते मराठी वाचकांना आठवत असेल, तत्त्व तेच. फरक इतकाच, की जेटचे प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे किंवा रेल्वेकडे वळू शकले. नाऊरूचे हप्ते थकले, ऑस्ट्रेलियात न्यायालयीन लढाई झाली, आणि डिसेंबर २००५ मध्ये ते विमान मेलबर्नमध्ये बँकेच्या ताब्यात गेले.

त्यानंतरच्या महिन्यांविषयी फार कमी लिहिले जाते, आणि मला तोच भाग सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. शस्त्रक्रियेसाठी ऑस्ट्रेलियाला न्यायचा रुग्ण, परदेशी शिकणारे मूल, टपाल, औषधे, सुटे भाग, हे सारे आता अधूनमधून भाड्याने मिळणाऱ्या विमानांवर अवलंबून राहिले. झळ फक्त नाऊरूला बसली असेही नाही. किरिबाटीची राजधानी तारावा याच विमानाने बाहेरच्या जगाशी जोडलेली होती. नाऊरूच्या फॉस्फेटच्या उत्पन्नात ज्यांचा वाटा नव्हता, त्यांचेही दार बंद झाले. प्रशांतातील बेटांना जोडणारे जंक्शन व्हायचे, हा कंपनीचा मूळ हेतू किती खरा होता, हे ती बंद पडल्यावर दिसले.

२००६च्या उत्तरार्धात सेवा पुन्हा सुरू झाली. त्या वेळी नाऊरूचे राजनैतिक संबंध तैवानशी होते, आणि तैवानच्या मदतीने एक बोइंग ७३७-३०० घेण्यात आले. प्रशांतातील छोट्या देशाचा राजनैतिक पाठिंबा ही किमती वस्तू आहे, आणि फॉस्फेट संपल्यावर तीच त्याच्या हाती उरली होती. कंपनीला नाव दिले गेले ‘अवर एअरलाइन’, म्हणजे ‘आपली विमान कंपनी’. एका देशाचे नाव शेपटीवरून काढून शेजाऱ्यांनाही ती आपली वाटावी असा प्रयत्न त्यात दिसतो. या वेळी वेळापत्रकातील मार्ग मोजके ठेवण्यात आले, आणि विमान रिकामे असेल त्या दिवसांत ते इतरांना भाड्याने देऊन पैसे मिळवण्यावर भर दिला गेला. पुढे दुसरे विमान आले, मग मालवाहू विमानही आले, आणि कामकाजाचा मोठा भाग ब्रिस्बेनहून चालू लागला, जेथे अभियंते आणि सुटे भाग हाताशी असतात. २०१४ मध्ये कंपनीचे नाव नाऊरू एअरलाइन्स करण्यात आले, आणि ब्रिस्बेनहून निघणारे तिचे विमान आजही यारेन भागातील त्याच समुद्रकाठच्या धावपट्टीवर उतरते.